लीझेलोटेचं चरित्र पत्रांवरून कसं लिहावं

जळगाव-धुळ्याकडच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने जर्मन राजघराण्यातल्या बाईवर चरित्रलेख लिहायचा, तर लीझेलोटे (१६५२–१७२२) घ्यावी. जन्म हायडेलबर्गचा, १६७१ मध्ये कॅथलिक होऊन चौदाव्या लुईच्या धाकट्या भावाशी लग्न. तिची हजारो पत्रं शिल्लक आहेत, त्यामुळे दरबारी ऐकीव गोष्टींवर विसंबावं लागत नाही.

वहीत चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, कुणाला, विषय. एका पत्राला एक ओळ. पाचव्या रकान्यात आपल्याकडची घटना लिहिली तर काळ डोळ्यांपुढे राहतो. साल्हेरची लढाई (१६७२) तिच्या लग्नानंतर काही महिन्यांतच झाली.

‘कुणाला’ हा रकाना कधीच रिकामा सोडू नका. हॅनोव्हरच्या सोफीआत्याजवळ ती १६५९ ते १६६३ राहिली होती; तिच्याशी ती मोकळेपणाने बोलते. पण फ्रान्समध्ये टपाल फोडून वाचतात हे तिला ठाऊक होतं. टपालाने गेलेल्या पत्रात राजाची स्तुती आढळली, तर ती खात्रीच्या माणसाहाती धाडलेल्या पत्राशी ताडल्याशिवाय तिचं मत म्हणून मांडू नये.

तारखांत बहुतेक जण फसतात. फ्रान्सने ग्रेगरियन (आजचं इंग्रजी) पंचांग १५८२ मध्ये घेतलं, प्रोटेस्टंट जर्मन संस्थानांनी १७०० मध्ये. मधल्या काळात फरक १० दिवसांचा. पॅरिसचं पत्र हॅनोव्हरला पोचल्याची नोंद पत्र लिहिण्याआधीची दिसू शकते! जुन्या पंचांगाच्या तारखेत १० मिळवा, मूळ तारीख शेजारी कंसात ठेवा. ३/१३ असं लिहिलेलं असेल तर त्या दोन्ही पंचांगांच्या तारखा समजाव्यात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातले मोडी कागद वाचताना इसवी सन काढायला शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवणाऱ्याला हे जड जाणार नाही.

लेखाचा गाभा १६८५ ते १६९३ हा ठेवा. माहेरी राज्य करणारा तिचा भाऊ कार्ल निपुत्रिक वारला आणि लुईने तिच्या नावाने तिच्या माहेरच्या मुलखावर हक्क सांगितला. १६८८ मध्ये फौजा शिरल्या, १६८९ मध्ये हायडेलबर्ग आणि मानहाइम उद्ध्वस्त झाली, १६९३ मध्ये हायडेलबर्ग पुन्हा जळलं. आपल्याच नावावर माहेर बेचिराख होताना ही बाई जाळणाऱ्याच्याच दरबारात राहत होती. इथे घाई करू नका. त्या वर्षांतली पत्रं तारीखवार लावा आणि तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा.

मूळ हस्ताक्षर वाचायचं असेल तर ‘एन’ आणि ‘ई’ ही अक्षरं जुन्या जर्मन लपेटीत जवळपास सारखी दिसतात, हे ध्यानात ठेवा. ‘यू’ डोक्यावरच्या छोट्या कमानीसारख्या खुणेमुळे ओळखू येतो.