चाचे आले तर काय करायचं? जहाजावर निघालेल्या कोल्हापूरच्या पोरांसाठी

परवा गंगावेशीत दूध कट्ट्यावर ओळखीतला एक पोरगा भेटला, पहिल्यांदाच मर्चंट नेव्हीत चाललाय आणि जहाज सोमालियाजवळच्या एडनच्या आखातातनं जाणार आहे. चाच्यांचं काय विचारलं तर म्हणतो, "काका, वर येऊ देत, एकेकाला लोळवतो." तालमीतलं पोरगं, बोलणारच. पण भावा, समोरच्याकडं एके-47 आणि आरपीजी (खांद्यावरनं मारायचं रॉकेट) असतंय, तिथं कुस्तीतला ढाक डाव चालत नाही. मी बरीच वर्षं जहाजावर काढलीत, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

चाच्याला वर येऊच द्यायचं नाही, सगळा खेळ तिथंच. चाचे बारक्या होडीतनं येतात, स्किफ म्हणतात तिला, 25 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पळते, आणि मागं लांब कुठंतरी त्यांची मोठी बोट उभी असते, बऱ्याचदा कुणाची तरी पळवलेली मच्छीमार बोट. पहाटे नाहीतर दिवस मावळताना येतात, शिडी अडकवतात आणि चढतात. आपलं भरलेलं बल्क कॅरियर (धान्य, कोळसा असला सुटा माल नेणारं जहाज) 12-13 नॉटनं रांगत असतंय आणि डेक पाण्याला टेकायला आलेला, असलं गिऱ्हाईक त्यांना आवडतंय. 18 नॉटच्या वर पळणाऱ्या जहाजावर चढणं त्यांना जवळपास जमतच नाही.

म्हणून धोक्याच्या भागात शिरायच्या आधीच कडेनं काटेरी तारेची डबल वेटोळी लावायची (जाड हातमोजे घाल, मी हात फाडून घेतलाय), फायर होज (आग विझवायचे पाण्याचे पाईप) बाहेरच्या बाजूला बांधून ठेवायचे, आणि वॉचला, म्हणजे पहाऱ्याला, जादा माणसं. हा वॉच लई कंटाळवाणा असतोय, पण चाचे दहा मिनिटं आधी दिसले तर निम्मं काम झालं. दिसली होडी की चाचे, असंही करू नका, 2012 ला केरळजवळ 'एनरिका लेक्सी' जहाजावरच्या इटालियन सैनिकांनी चाचे समजून गोळ्या घातल्या आणि आपले दोन मच्छीमार गेले.

अलार्म वाजला की ब्रिजवरचे (जहाज चालवायच्या खोलीतले) लोक फुल स्पीड देतील, जहाज थोडं थोडं वळवत राहतील, एसएसएएसचं (गुपचूप धोक्याचा इशारा पाठवायचं) बटण दाबतील, व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबर चॅनलवर आणि यूकेएमटीओला (जहाजांच्या सुरक्षेचं ब्रिटिश केंद्र) कळवतील. तू सिटाडेल गाठायचं. सिटाडेल म्हणजे आपला बालेकिल्लाच, बहुतेक इंजिन रूमच्या बाजूला, आतनं बंद होणारा. पन्हाळ्यावर अंबरखाना (धान्याचं कोठार) आणि अंधारबाव (विहीर) कशासाठी बांधलीय? तसंच इथंही पाणी, खाणं, औषधं, आणि बाहेर बोलता येईल असा सॅटेलाइट फोन पाहिजे, त्याची अँटेना चाच्यांच्या हाताला लागली तर सगळं मुसळ केरात. आणि मोजदाद! एक जरी माणूस बाहेर राहिला तर नेव्ही सहसा आत घुसत नाही, कारण तो ओलीस असतो. जानेवारी 2024 ला 'लीला नॉरफोक' जहाजावरचे 21 जण, त्यात 15 भारतीय, सिटाडेलमध्ये बसून राहिले, आयएनएस चेन्नई आली, नौदलाचे मार्कोस कमांडो चढले, सगळे सुखरूप. उलट 'रुएन' जहाजावरचे चाच्यांच्या हाती सापडले, मग आयएनएस कोलकाता येईपर्यंत तीन महिने ओलीस, मार्च 2024 ला 17 जण सुटले आणि 35 चाचे शरण आले.

सापडलाच तर हात दिसतील असे ठेव, डोळ्याला डोळा भिडवू नको, मोबाईल काढू नको. कमांडो आले तर जमिनीला चिकटून पड, त्या गडबडीत चाचा कोण आणि खलाशी कोण हे त्यांनाही लगेच कळत नाही.

घरच्यांनी कंपनीचा आणि एजंटचा नंबर लिहून ठेवायचा, टीव्हीवाल्यांशी बोलायचं नाही, पोरगं पैसेवाल्या घरचं वाटलं की खंडणीचा आकडा फुगतोय. आणि पैसे दिले म्हणजे सुटलेच असंही नाही, 'अस्फाल्ट व्हेंचर' जहाजाची खंडणी 2011 ला मिळाली तरी सात भारतीय अडकवून ठेवले, ते सुटले ऑक्टोबर 2014 ला.

एवढं ऐकून पोरगं म्हणतंय, "काका, त्या भागात पगार डबल मिळतो ना?" म्हटलं काँट्रॅक्ट नीट वाच, काही ठिकाणी बोनसही असतो आणि त्या भागात जायला नाही म्हणायचा हक्कही, पण सही करायच्या आधी बघायचं असतंय, नंतर नव्हे.