वेडब्रिज ते पॅडस्टो: मोटारींविना सायकलसफर कशी करावी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, कॅमल नदीच्या खाडीकाठाने वेडब्रिज आणि पॅडस्टो या दोन गावांना जोडणारी सुमारे ९ किलोमीटरची वाट आहे. ती कॅमल ट्रेल या अधिक लांबीच्या मार्गाचा शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर भाग आहे. येथे १८९९ साली रेल्वे सुरू झाली आणि १९६७ मध्ये बंद पडली. पुढे रूळ काढून त्या जागी सायकलस्वारांसाठी व पादचाऱ्यांसाठी वाट करण्यात आली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे मार्ग मुळातच सपाट आखला गेला होता, आणि म्हणूनच लहान मुले किंवा बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणारी माणसेही तो सहज पार करू शकतात.

सुरुवात वेडब्रिजहून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पॅडस्टोकडे जाताना तो पुष्कळदा समोरून लागतो. मात्र तेव्हा पायांत जोर असतो आणि परतीच्या वेळी, अंग थकलेले असताना, तोच वारा पाठीशी येतो. शिवाय उन्हाळ्यात पॅडस्टोच्या अरुंद गल्ल्यांत मोटारींची इतकी गर्दी होते की तेथे गाडी लावण्यासाठी जागा शोधण्यातच सकाळ निघून जाते.

निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ अवश्य पाहावी. वाटेवर पाणी येते म्हणून नव्हे, तर खाडीचे रूप त्यावर अवलंबून असते म्हणून: भरतीला खाडी काठोकाठ भरलेली असते, तर ओहोटीला वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर पांढरे बगळे भक्ष्य शोधताना दिसतात. मला ओहोटीची वेळ अधिक आवडते.

सायकल नसेल तर दोन्ही गावांत ती भाड्याने मिळते. सुट्टीच्या दिवसांत आधी नोंदणी करावी. वाटेचा पृष्ठभाग दाबलेल्या बारीक खडीचा आहे, त्यामुळे अगदी अरुंद टायरपेक्षा थोडे रुंद टायर बरे. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ होईल, इतकी सीटची उंची ठेवावी. ब्रेक दाबून पाहावेत.

वेडब्रिज सोडल्यावर उंच महामार्ग-पुलाखालून जावे लागते, आणि तेथून पुढे उजव्या हाताला खाडी सतत सोबत राहते. ही वाट पायी चालणाऱ्यांचीही आहे, हे क्षणभरही विसरू नये: डाव्या बाजूने जावे, कोणाला ओलांडण्याआधी दुरूनच घंटी वाजवावी, वेग कमी करावा आणि कुत्रा किंवा मूल पुढे असेल तर सरळ थांबावे. पॅडस्टो जवळ आल्यावर लिटल पेथरिक ओढ्यावरचा जुना लोखंडी रेल्वेपूल लागतो. त्यावर रेंगाळून इतरांची वाट अडवू नये, पूल ओलांडल्यावर बाजूला उभे राहून खाडीच्या मुखाकडे निवांत पाहावे.

वाट बंदराजवळ संपते. तेथून गावात सायकल हातात धरून चालत जावे. न थांबता एका बाजूचे अंतर पाऊण ते एक तासात होते, पण परतायला संध्याकाळ होणार असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावलेला असावा. अंधारात सायकलला ते असणे तेथील कायद्यानेही बंधनकारक आहे.