दारू कमी करताना, सोडताना या चुका टाळा

सुरुवातच चुकते ती मोजण्यात. 'दोनच ग्लास घेतले' याला काही अर्थ नाही, ग्लास केवढा आणि त्यात काय हे आधी बघा. किती मिलि प्यायलात त्याला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा, मग ०.७९ ने गुणा. उत्तर येतं ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ८ टक्क्यांची ५०० मिलि बिअर म्हणजे जवळजवळ ३२ ग्रॅम, तर ४२.८ टक्क्यांची ६० मिलि व्हिस्की म्हणजे २० ग्रॅम. 'मी बिअरच घेतो' म्हणणाऱ्याच्या पोटात इथे दीडपट दारू गेली! म्हणून मापानेच ओता, आणि ग्लास रिकामा होण्याआधी वरून भरू देऊ नका; मोजणी तिथेच हुकते.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करतं. कॉफी प्या, गार पाण्याने अंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही. रात्री ११ पर्यंत ६० ग्रॅम पोटात गेली असेल तर पहाटे ५ वाजताही रक्तात दारू असू शकते. तेव्हा गाडीची किल्ली हातात घेऊ नका. झोप लागावी म्हणून पिणंही उलटंच पडतं: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. झोपेच्या गोळीबरोबर तर दारू कधीच नको, श्वास मंदावतो.

आता सगळ्यात घातक चूक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा माणूस 'उद्यापासून बंद' म्हणतो आणि घरातच पडून राहतो. दारूने दबलेला मेंदू तिच्याशी जुळवून घेऊन सतत ताणलेला असतो. दारू अचानक थांबली की तो उसळतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालताना दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो, आणि घरच्यांना वाटतं, नाटकं करतोय. सकाळी चहाचा कप धरवत नाही, पण पहिला घोट गेला की हात स्थिर होतो, अशी खूण दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवूनच सोडा. ते काही दिवस गोळ्या देऊन मग त्या गोळ्या हळूहळू कमी करतात, त्यासोबत जीवनसत्त्व बी-१ देतात. अशक्तपणा आहे म्हणून परस्पर ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. बी-१ ची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

घरच्यांची एक चूक कळकळीतून होते, तरी सांगायलाच हवी: दारू सुटावी म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी भाजीत गुपचूप मिसळणं. त्यावर दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर प्राणावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच सुरू करायचं असतं. आधीच दिलं गेलं असेल तर आज त्याला स्पष्ट सांगा. दवाखान्यात न्यावं लागलं तर दारात पोचताच डॉक्टरांना गोळीचं नाव आणि शेवटची कधी दिली ते सांगा.