डॅफोडिल्सची कविता शिकवताना आधी शब्दार्थ देऊ नका

इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांच्या बॅचला पहिल्यांदा इंग्रज कवी वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची, म्हणजे पिवळ्या फुलांची, कविता घेतली तेव्हा मी आधी शब्दार्थांची यादी दिली, जोकंड, पेन्सिव्ह, ब्लिस वगैरे वीसेक शब्द, आणि अर्धा तास त्यातच गेला, कवितेपर्यंत पोचेस्तोवर सगळे दमलेले. नवीन असाल तर हे टाळाच.

आता मी क्रियापदांपासून सुरू करते. चार कडवी, 24 ओळी. क्रियापदं अधोरेखित करायला सांगायची, मग शिकणारे नाही सांगितलं तरी पकडतात की फुलं पाहिल्याची गोष्ट भूतकाळात आहे आणि चौथ्या कडव्यात एकदम साधा वर्तमानकाळ, म्हणजे कवी कोचावर पडला की ती फुलं परत परत दिसतात. नेहमी घडणाऱ्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ, हा नियम इतका छान दुसरीकडे कुठे सापडत नाही मला.

एका जागी मात्र सगळे अडकतात. तिसऱ्या कडव्यातलं 'लिटल थॉट'. सगळे लिहितात 'थोडा विचार केला', खरा अर्थ 'कल्पनाच नव्हती'. इथे थांबा, घाई करू नका, कारण अख्खी कविता यावर उभी आहे, पाहताना त्याला कळलंच नव्हतं की आपल्याला केवढं धन मिळतंय.

मग मी सांगते की 15 एप्रिल 1802 ला इंग्लंडमधल्या अल्सवॉटर तलावाकाठी ही फुलं दिसली तेव्हा बहीण डोरोथी सोबत होती, तिच्या डायरीत नोंद आहे, आणि कविता लिहिली साधारण दोन वर्षांनी, छापली 1807 ला. लगेच प्रश्न येतो, मॅडम बहीण होती तर 'लोनली' का? उत्तर देऊ नका, बोलू द्या. माझ्या बॅचमध्ये कमी बोलणाऱ्या एक ताई म्हणाल्या, सुरुवातीला 'लोनली' आहे आणि शेवटी 'सॉलिट्यूड', म्हणजे आधी एकटेपणा आणि मग एकांत ना? मी एवढी वर्षं शिकवतेय, मला हे असं सुचलं नव्हतं. (आणि तो एकांतातल्या आनंदाचा भाग ज्या दोन ओळींत आहे त्या त्याच्या बायकोने, मेरीने सुचवलेल्या, हेही आवर्जून सांगा.)

शेवटी लिहायला पाच ओळी, आठवण भूतकाळात, ती आज कधी आठवते ते वर्तमानकाळात. एकांनी लिहिलं, माय मदर सँग व्हाईल कुकिंग, नाऊ आय कुक अँड आय हिअर्ड हर. मी फक्त 'हिअर्ड'खाली रेघ मारून वही परत दिली, काळ त्यांनीच बदलला.