टर्बोचा कूलंट होज फुटलाय? निदान या चुका तरी टाळा

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी दर आठवड्याला थोडी खाली जाते, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गरम वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्या वाढल्यापासून ही तक्रार सारखी कानावर येते आणि त्यावर केलेले उपाय ऐकले की जीव कळवळतो. दोष बऱ्याचदा असतो टर्बोच्या कूलंटच्या, बोटाएवढ्या जाडीच्या एका रबरी होजचा, म्हणजे नळीचा. घाईत नको ते उघडलं जातं, नको ते टाकीत ओतलं जातं आणि खर्च थेट नव्या टर्बोपर्यंत जातो.

हा होज नेमकं काय करतो ते आधी समजून घ्या. अनेक जुन्या छोट्या डिझेल गाड्यांत टर्बो नुसत्या तेलावर थंड होतो, तिथे कूलंटची लाइनच नसते. पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त तापतो, जोरात चालवली तर ९०० अंशांच्या आसपास जातो. म्हणून टर्बोच्या मधल्या भागातून, बेअरिंगच्या भोवतीने कूलंट फिरवतात. गाडी बंद केली की टर्बाइनकडची (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाकडची) उष्णता बेअरिंगकडे सरकते, आणि ती ओढून घ्यायचं काम कूलंटचं. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो, तो इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ चालतो. कूलंट पोचलं नाही तर बेअरिंगमधलं तेल जळून त्याचा कोळसा होतो.

थेंब नाही, म्हणजे हेड गॅस्केट गेलं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. ते गेलं की कूलंट इंजिनाच्या आतच जाऊ शकतं, म्हणून थेंब दिसला नाही की पहिला संशय त्यावर घेतात. साताऱ्याकडची एक गाडी आमच्याकडे आली होती. खंबाटकी चढून आली की टाकी खाली. आधीच्या गॅरेजमध्ये हेड उतरवलं, फेसिंग केलं (त्याचा तळ घासून सपाट केला), नवं गॅस्केट टाकलं. टाकी पुन्हा खाली. मग वॉटर पंप बदलला. तरी तेच. मालकाला शेवटी इंजिनच बदला म्हणून सांगितलं होतं.

बोनेट उघडल्याबरोबर गोडसर वास आला. हा वास कूलंटचा, आणि तो ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. टर्बोवरची हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढली, मागच्या बाजूने छोटा आरसा आणि टॉर्च घातला. टर्बोतून कूलंट परत नेणाऱ्या रिटर्न होजच्या क्लिपपाशी पांढरट हिरवी खपली जमलेली होती. रबराला क्लिपच्या कडेला बारीक चीर गेली होती. इंजिन तापून दाब वाढला की ती उघडायची, कूलंट तापलेल्या लोखंडावर पडायचं आणि जागच्या जागी वाफ होऊन जायचं. जमिनीवर थेंब येणार कुठून? एक होज आणि दोन क्लिपा बदलल्या, गाडी बरी झाली. त्या माणसाचे हेडवर गेलेले पैसे मात्र कोण परत देणार?

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. टाकीच्या तोंडावर प्रेशर टेस्टर (काटा असलेला, दाब देऊन गळती शोधायचा पंप) लावायचा आणि झाकणावर जेवढा दाब छापलाय तेवढाच द्यायचा, १.१ असेल तर १.१ बार, १.४ असेल तर १.४. मग अर्धा तास हात लावायचा नाही. नव्या पोरांना हा अर्धा तास जड जातो. दोन मिनिटं काटा हलला नाही की ‘लीक नाही’ म्हणून मोकळी होतात. बारीक चीर सुटायला वेळ घेते. एवढं करून काही सापडलं नाही तर ब्लॉक टेस्टर लावा. टाकीतल्या हवेत एक्झॉस्टचा गॅस असेल तर टेस्टरमधलं निळं द्रावण पिवळं पडतं, तेव्हाच गॅस्केटवर संशय घ्या. त्याआधी हेडच्या बोल्टला पाना लावायचा नाही.

हळद, अंडं आणि बाटलीतली पावडर

रेडिएटर गळला की हळद नाहीतर अंडं टाकायचं, हा हायवेवरचा जुना उपाय. त्या काळी ट्रकला पुढचं गाव गाठायचं असे, ते मी समजू शकतो. पण टर्बोच्या लाइनमधल्या बँजो बोल्टची (आतून पोकळ, ज्यातून कूलंट वाहतं अशा बोल्टची) भोकं काही मिलिमीटरची असतात. जी वस्तू चीर बुजवते तीच ही भोकंही बुजवते, आणि हीटरच्या बारीक नळ्याही. दुकानात मिळणाऱ्या लीक बंद करणाऱ्या पावडरींबद्दलही माझं मत हेच आहे. टर्बोच्या गाडीत मी त्या टाकू देत नाही.

याच जातीचा दुसरा शॉर्टकट म्हणजे टर्बोचे दोन्ही होज काढून लाइन परस्पर जोडून देणं. गळती थांबते, तापमानाचा काटा नॉर्मल राहतो, मालक खूश होतो. आत टर्बोचं बेअरिंग भाजत असतं. रस्त्यात अडकलात तर टो करून आणा, पण ही जोडणी करून गाडी पळवू नका.

होज बदलताना

जुना होज पिळून ओढू नका. तो ज्यावर बसतो ते प्लॅस्टिकचं नळकांडं तुटतं. ब्लेडने लांबीत चीर देऊन सोलून काढा.

काढलेला होज फेकण्याआधी दाबून बघा. कडक होऊन तडकला असेल तर उष्णतेने गेला, बहुतेक हीट शील्ड गायब आहे किंवा सैल आहे. मऊ, फुगलेला असेल तर वरून तेल गळतंय; कूलंटच्या होजचं रबर तेलाने फुगतं. तेलाची गळती तशीच ठेवून नवा होज घातला तर तोही त्याच वाटेने जाणार. याच कारणासाठी होज चढवताना ग्रीस लावू नका, टोक कूलंटमध्ये बुडवा.

पेट्रोलचा पाइप कापून लावू नका. मूळ वळणाचाच होज घ्या, सरळ तुकडा वाकवला की आतून मुडपतो.

कंपनीची स्प्रिंग क्लिप काढून स्क्रूची क्लिप आवळायची सवय सोडा. रबर तापतं, निवतं, तसतशी स्प्रिंग त्याच्याबरोबर सैलावते, आवळते. स्क्रूची क्लिप रबर कापते.

बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच.

नळाचं पाणी ओतू नका, क्षार साचतात. कूलंटचा रंग बघून भर घालू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या.

गरम टाकीचं झाकण उघडायचं नाही. दाबाखाली कूलंट १०० अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण फिरवताक्षणी उकळून तोंडावर येतं.

आणि कूलंटच्या लाइनमध्ये अडकलेली हवा काढा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून धार सलग येईपर्यंत थांबा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा. मग एक चांगला चढ चढवून आणा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी थंड इंजिनवर टाकीची रेघ बघा. हवा निघाल्यामुळे पहिल्या दिवशी थोडी खाली आलेली चालते, भरून घ्या. दुसऱ्या सकाळीही खाली असेल तर हीट शील्ड परत काढा.