गवताच्या अर्कात मूग उगवतो का, घरी कसं बघायचं

आपल्या इंदूरच्या आसपास दूधवाले बांधावर गिनी गवत नाहीतर नेपियर लावतात, दोन्ही मूळचे आफ्रिकेतले, आणि शेजारच्या ओळीतला हरभरा खुरटला की "गवताने खत खाल्लं" म्हणून मोकळे होतात. असेलही, पण बरीच गवतं फेरुलिक, कुमारिक असली आम्लं पण सोडतात, त्याने बी अडू शकतं. ह्या प्रकाराला अ‍ॅलेलोपॅथी हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिशने १९३७ मध्ये दिलं.

गवत सावलीत वाळवून मिक्सरमधून काढा, १० ग्रॅम चुरा १०० मिली पाण्यात २४ तास ठेवा आणि फडक्यातून गाळा, उकळायचं अजिबात नाही. त्यातल्या थोड्यात तेवढंच पाणी घालून हलका अर्क करा. तिसरं नुसतं पाणी, ते नसेल तर सगळी मेहनत वाया.

बी मुगाचं घ्या. सोयाबीन नको, त्याची उगवण ठेवल्या ठेवल्या पडते, प्रमाणित बियाण्यालाच किमान ७० टक्के चालते (मुगाला ७५, हरभऱ्याला ८५), मग दोष गवताचा की बियाण्याचा हेच कळत नाही. डब्यात टिश्यू पेपर, त्यावर २५ दाणे, घट्ट अर्क, हलका अर्क, नुसतं पाणी, प्रत्येकाचे तीन-तीन डबे, सगळ्यांत सारखं मोजून, झाकण लावून सावलीत. मूळ २ मिमी बाहेर आलं की उगवलं धरायचं. काही दाणे दगडी असतात, पाणीच पीत नाहीत, ते वेगळे मोजा.

सातव्या दिवशी पट्टी घेऊन मुळं मोजा. माझ्या मते खरी गंमत इथेच, कारण बरेचदा दाणे सगळे फुटतात पण मूळ आखूड आणि टोक तपकिरी, नुसती टक्केवारी बघणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही!

फक्त घट्ट अर्कातच बी अडलं तर घाई नको, त्यातले क्षार आणि साखरही बियाला पाणी ओढू देत नाहीत. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (मासे-टाकीच्या दुकानात मिळतो, आम्लं धरून ठेवतो, क्षार-साखर फारशी नाही) अर्कात ढवळून, गाळून परत लावा, आता मूळ नीट वाढलं तर संशय आम्लांवर पक्का.

तरी डब्यातलं शेतात होईलच असं नाही, माळव्याच्या काळ्या मातीतले जंतू ही आम्लं खाऊन टाकतात. म्हणून शेतातलीच माती दोन कुंड्यांत भरा, एकीत गवताचा चुरा मिसळा, दोन्हींत मूग पेरा. रोप नंतर पिवळं पडलं तर ते बहुतेक नत्राचं, चुरा कुजताना जंतू नत्र ओढतात. पण कुंडीतही मूळच आखूड निघालं, तर बांधालगत गवताचे ठोंब आणि कचरा आधी काढा, मग पेरा.