कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा : भरलेले पैसे परत कसे मागायचे

पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज मागितलं. मंजुरीपत्रावर आकडा आला ५,२४,००० रुपयांचा. खात्यात जमा झाले ते पाच लाखांहून थोडे कमीच, कारण प्रोसेसिंग फी आधीच कापलेली. मग मधले २४,००० गेले कुठे? ते विम्याचा एकरकमी प्रीमियम म्हणून परस्पर विमा कंपनीकडे गेले आणि तुमच्या कर्जात मिळवले गेले. म्हणजे त्यावर व्याजही तुम्हीच भरताय. १४ टक्के दराने पाच वर्षांत या २४,००० चा हप्ता महिन्याला साधारण ५५८ रुपये बसतो आणि शेवटी सुमारे ३३,५०० रुपये जातात.

ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रकार ‘पीपीआय’ (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, म्हणजे कर्जाच्या परतफेडीचा विमा) या नावाने वर्षानुवर्षं चालला होता. २०११ मध्ये तिथल्या बँका कोर्टात हरल्या आणि दाव्यांची शेवटची तारीख, २९ ऑगस्ट २०१९, येईपर्यंत लाखो लोकांनी जुन्या कर्जांवरचे आणि क्रेडिट कार्डांवरचे पैसे परत मागून घेतले. बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम द्यावी लागली. आपल्याकडे अशी सरसकट भरपाई नाही. इथे ज्याचे त्याने मागायचे. पण मागायची वाट आहे आणि तिला वकील लागत नाही.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा

हा विमा तुम्हाला खरंच नको आहे का? घरात कमावणारी एकच व्यक्ती असेल, दुसरा टर्म इन्शुरन्स नसेल आणि घराचं मोठं कर्ज डोक्यावर असेल, तर कर्जाला जोडलेलं संरक्षण वाईट नसतं. उद्या बरंवाईट झालं तर घरच्यांवर हप्त्यांचा बोजा येत नाही. अशा वेळी आधी बाहेरून टर्म पॉलिसी घ्या, ती सुरू झाल्याची खात्री करा आणि मगच ही रद्द करायला निघा. रागाच्या भरात रद्द करून कुटुंब उघड्यावर पडू नये, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

कागद गोळा करा

सगळी लढाई कागदांवर असते. मंजुरीपत्र, कर्जाचा करारनामा, कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा आणि विम्याचा कागद एवढं हवं. बँकेने स्वतःच्या नावे ग्रुप पॉलिसी घेतलेली असते, त्यामुळे कर्जदाराला पूर्ण पॉलिसी मिळत नाही, ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’ मिळतं. ते बहुतेकांच्या ईमेलमध्ये न उघडता पडलेलं असतं. कर्ज मिळालं त्या आठवड्यातले मेल शोधा. नाही सापडलं तर शाखेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी मागा.

१ ऑक्टोबर २०२४ नंतरचं कर्ज असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागदही तुमच्याकडे असला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार विम्यासारखे तिसऱ्या संस्थेसाठी वसूल केलेले आकार त्यात वेगळे दाखवावे लागतात आणि वार्षिक खर्चाच्या टक्केवारीतही धरावे लागतात. त्यात न दाखवलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. हा कागद आणि कर्जखात्याचा उतारा शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून बघा.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मागची स्टेटमेंटं काढा. दर महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची किंवा वर्षातून एकदा हजार-दोन हजारांची ‘प्रोटेक्ट’, ‘शील्ड’ असल्या नावाची नोंद दिसली की तिच्यावर खूण करा. कार्डावर विमा द्यायचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती आणि नॉमिनीचा तपशील घेतलेला असला पाहिजे. तुम्हाला कुणी नॉमिनीचं नावच विचारलं नसेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा.

आणि एक कागद आवर्जून मागा : प्रपोजल फॉर्मची, म्हणजे तुमच्या नावाने भरलेल्या विमा अर्जाची प्रत. माझ्या आत्याच्या गृहकर्जाची फाइल मी अशीच चाळली होती. कर्ज पंधरा वर्षांचं, विमा पाचच वर्षांचा. फॉर्मवर आजारांबद्दलची उत्तरं टाईप केलेली, आत्याला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. मोबाईल नंबर तिचा नव्हता, म्हणून संमतीचा मेसेज तिला कधी आलाच नाही. शाखेत गेलो की म्हणायचे विमा कंपनीला विचारा, कंपनीला फोन केला की म्हणायची शाखेत विचारा. दोन महिने आम्ही नुसते तोंडी बोलत राहिलो, ही आमची चूक. फॉर्मची प्रत हातात आली, त्यावर बोट ठेवून पत्र लिहिलं, तेव्हा कुठे फाइल हलली.

तुमचा मुद्दा नेमका कोणता?

‘फसवलं’ एवढ्यावर कुणी पैसे परत करत नाही. काय बोलले आणि कागदावर काय आहे यातला फरक दाखवावा लागतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘विमा कम्पल्सरी आहे, त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही’. हे खोटं आहे. बँकेने विशिष्ट कंपनीचा विमा घ्यायला भाग पाडू नये आणि विम्याची विक्री कर्जाला किंवा दुसऱ्या सेवेला जोडू नये, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलेलं आहे. घर तारण असताना त्या इमारतीचा आगीचा वगैरे विमा काढायला सांगणं वेगळं, पण तोही अमुकच कंपनीचा असा आग्रह चालत नाही.

याखेरीज : विम्याची मुदत कर्जापेक्षा बरीच कमी असणं, आधीपासूनचा आजार लपवून किंवा न विचारता फॉर्म भरलेला असणं, नोकरी गेल्यास हप्ते भरू असं सांगून प्रत्यक्षात फक्त मृत्यूचं संरक्षण दिलेलं असणं, एकदाच भरायचे असं सांगून दरवर्षी प्रीमियम भरायची बचत पॉलिसी माथी मारणं. शेवटचा प्रकार सर्वांत महाग पडतो, कारण दुसऱ्या वर्षी प्रीमियमची मागणी येईपर्यंत माणसाला पत्ताच नसतो.

पत्र लिहा, फोन नको

विमा कागद मिळून ३० दिवस झाले नसतील तर काम सोपं आहे. याला ‘फ्री लूक’ म्हणतात. विमा नियामक इर्डाईने २०२४ मध्ये ही मुदत सरसकट ३० दिवसांची केली. या काळात कारण न देताही पॉलिसी रद्द करता येते. गेलेल्या दिवसांचा जोखीम-प्रीमियम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी वजा करून बाकी रक्कम परत मिळते. मुदत कागद मिळाल्या दिवसापासून मोजतात. कागद मिळालाच नसेल तर तो कधी, कोणत्या पत्त्यावर किंवा मेलवर पाठवला याचा पुरावा कंपनीकडे मागा.

मुदत उलटली असेल तर तक्रार करायची. पत्र एकाच वेळी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि बँकेला पाठवा, म्हणजे टोलवाटोलवी थांबते. मजकूर साधा असू द्या :

‘माझे कर्ज खाते क्रमांक अमुक, विमा प्रमाणपत्र क्रमांक तमुक. कर्ज घेताना विमा सक्तीचा असल्याचे मला शाखेत तोंडी सांगण्यात आले. मी विम्याची मागणी केलेली नव्हती. प्रपोजल फॉर्ममधील पुढील माहिती मी दिलेली नाही. तरी ही पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून प्रीमियमची पूर्ण रक्कम, त्यावर कर्जखात्यात आकारलेल्या व्याजासह परत करावी. माझी संमती घेतल्याचा पुरावा, प्रपोजल फॉर्म आणि पडताळणी कॉलचे रेकॉर्डिंग द्यावे.’

तारखा घाला. कोणत्या दिवशी कोण काय बोललं ते आठवेल तेवढंच लिहा, फुगवू नका. पडताळणीच्या कॉलवर तुम्ही ‘हो हो’ म्हणाला असाल तर तेही लपवू नका. ‘कर्ज अडेल म्हणून सगळ्याला हो म्हणा, असं सांगितलं होतं’ हे खरं असेल तर तसंच लिहा. पत्र शाखेत हाती दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ईमेल केला तर तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दाद लागली नाही तर

विमा कंपनीने १४ दिवसांत तक्रार निकाली काढायला हवी. तसं झालं नाही तर इर्डाईच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करा. इर्डाई स्वतः निवाडा देत नाही, पण तक्रार कंपनीकडे जाते आणि तिच्यावर लक्ष राहतं.

खरी ताकद विमा लोकपालाकडे आहे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रार ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील चालत नाही, तुम्ही स्वतः बोलायचं. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात आणि तो विमा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर तुमची पुढची वाट मोकळी राहते. मात्र त्याच विषयावर ग्राहक आयोगात किंवा कोर्टात आधीच दावा केलेला नसावा.

बँकेने सक्ती केल्याची तक्रार वेगळी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस’ या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज पतसंस्थेचं असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिच्याबद्दल सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज करावा लागतो. विमा कंपनीविरुद्धची वाट मात्र तीच राहते.

कर्ज जुनं असेल तर

इथे अनेकजण हात टेकतात, इतक्यात टेकू नका. विमा लोकपालाकडे जायची एक वर्षाची मुदत विमा घेतल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. कंपनीने तुमची लेखी तक्रार फेटाळली, किंवा तक्रारीनंतर महिनाभर उत्तर दिलं नाही, तिथून ती सुरू होते. त्यामुळे आजवर लेखी तक्रारच केली नसेल तर ती आता करा. बँकेच्या बाजूने मात्र मुदतीचा कायदा आडवा येतो. तिथे साधारण तीन वर्षांच्या आत बँकेकडे तक्रार गेलेली असली पाहिजे. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो.

कर्ज मुदतीआधी फेडलं असेल तर फसवणूक सिद्ध करायचीही गरज नाही. एकरकमी प्रीमियमच्या पॉलिसीत उरलेल्या काळाचं सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, बहुधा मिळतं. किती, ते प्रमाणपत्रावरच्या तक्त्यात बघा. कर्ज असं मुदतीआधी बंद करताना (फोरक्लोजर) शाखेत हे कुणी आपणहून सांगत नाही. नो ड्यूज दाखला घेऊन विमा कंपनीकडे सरेंडरचा अर्ज टाका.

‘तुमच्या पॉलिसीचे पैसे सोडवून देतो, आधी एवढे भरा’ असे फोन येतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका. इर्डाई किंवा लोकपाल असे फोन करत नाहीत. तुमचा पॉलिसी क्रमांक समोरच्याला माहीत आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

रक्कम मंजूर झाली की ती कुठे जमा होते ते बघा. कर्ज चालू असेल तर ती बहुधा कर्जखात्यात वळती होते. मग बँकेकडून नवीन परतफेड तक्ता मागा आणि हप्ता कमी झाला की मुदत, ते त्यात तपासा. दोन्ही जैसे थे असतील तर त्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा लिहा.